डिक कॉन्टिनोचं करिअर नक्की कशानं बुडालं?

डिक कॉन्टिनो हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत असायचं कारण नाही, पण १९५० च्या आसपास अमेरिकेत हा पोरगा काय चीज होता हे आधी नीट कळलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं प्रकरण डोक्यावरून जाईल. वय वीस. गळ्यात अकॉर्डियन, दिसायला सिनेमातल्या हिरोसारखा, पोस्टरवर "जगातला सर्वश्रेष्ठ अकॉर्डियनवादक" अशी जाहिरात, कमाई आठवड्याला ४,००० डॉलर, आणि थिएटरबाहेर किंचाळणाऱ्या पोरींची गर्दी. हे रॉक गायक एल्विस प्रेस्लीच्या पाच-सहा वर्षं आधीचं सांगतोय. लोक त्याला अकॉर्डियनचा व्हॅलेंटिनो म्हणायचे, व्हॅलेंटिनो म्हणजे मूकपटांतला देखणा हिरो. आणि मग १९५१ मध्ये हा गडी सैन्यात भरती व्हायच्या ऐन वेळी बराकीतून पळून गेला. तुरुंगात गेला. बाहेर येऊन कोरियात जाऊन नोकरी केली, स्टाफ सार्जंट होऊन सन्मानाने सुटला, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्याकडून माफीही मिळाली, पण आधीची ती जागा काही परत मिळाली नाही ती नाहीच.

गोष्ट सगळीकडे अशीच सांगतात, पळाला, बदनाम झाला, संपला. मला ती अर्धीच पटते. म्हणून म्हटलं एकदा सगळं प्रकरण नीट उलगडून लिहावं, कारण यात एका माणसाचं करिअर बुडतंय आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यातलं वाद्यही बुडतंय, आणि दोन्हीचा दोष आपण एकाच रात्रीवर टाकून मोकळे होतो.

फ्रेस्नोचा पोरगा

कॉन्टिनोचा जन्म १७ जानेवारी १९३० चा, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोचा. फ्रेस्नो म्हणजे द्राक्षं आणि बेदाण्याचा मुलूख, आपल्याकडे तासगावचं जे आहे ते तिकडे फ्रेस्नोचं. घर इटालियन, वडिलांचं मटणाचं दुकान. इटालियन घरात अकॉर्डियन असणं ही तेव्हा काही विशेष गोष्ट नव्हती, लग्नात, जेवणावळीत, चर्चच्या जत्रेत ते वाजायचंच. विशेष हे की या पोराची बोटं फार लवकर फार पळायला लागली. मग त्याची शिकवणी लागली अँजेलो कान्यात्सो नावाच्या शिक्षकांकडे, आणि ते राहायचे सॅन फ्रान्सिस्कोला, म्हणजे घरापासून तीनशे किलोमीटरच्या आसपास! शिकवणीसाठी एवढं अंतर तोडायचं म्हणजे घरच्यांनी काहीतरी ओळखलं असणार.

अधूनमधून तो लॉस एंजेलिसला गुइदो देइरो यांच्याकडेही शिकायचा, आणि इथे जरा थांबतो कारण हा माणूस या प्रकरणात महत्त्वाचा आहे, कॉन्टिनोबद्दल लिहिताना बहुतेक लोक त्याला एका ओळीत उरकतात. देइरो हा अमेरिकेतला पियानो-अकॉर्डियनचा, म्हणजे उजवीकडे पियानोसारख्या पट्ट्या असलेल्या अकॉर्डियनचा, पहिला मोठा स्टार. १९१० च्या दशकात व्हॉडव्हिल नावाचा प्रकार जोरात होता, म्हणजे एका तिकिटात गाणं, नकला, जादू, कसरती असं सगळं, आणि त्यात देइरोचं नाव सगळ्यात वर छापायचे. मे वेस्ट ही पुढे हॉलिवूडमध्ये गाजलेली नटी एकेकाळी त्याची बायको होती, एवढं सांगितलं की त्याचा थाट लक्षात येईल. मग बोलपट आला, रेडिओ आला, व्हॉडव्हिल बसलं, आणि देइरोही त्याच्याबरोबर बसला. शेवटची वर्षं शिकवण्या घेण्यात गेली, १९५० मध्ये वारला.

आता बघा, म्हणजे अकॉर्डियनवाला स्टार होतो आणि ज्या गाडीत तो बसलेला असतो ती गाडीच बंद पडली की तोही रस्त्यावर येतो, हे एकदा घडून गेलेलं होतं. आणि ज्याच्याबाबतीत घडलं तो माणूस कॉन्टिनोच्या समोर बसून त्याला बोटं शिकवत होता. सतरा-अठराच्या पोराला यातून काही दिसावं अशी अपेक्षा नाही. पण आपल्याला दिसायला हरकत नाही.

हात काय करत होते

कॉन्टिनोची सिग्नेचर ट्यून म्हणजे "लेडी ऑफ स्पेन", १९३१ चं इंग्लंडमधलं गाणं. चाल साधी आहे, खरं सांगायचं तर जरा बाळबोधच आहे. पण तो ती वाजवायचा कशी ते कळायला वाद्य जरा उघडून बघावं लागेल, आणि आपल्याला हे सोपं जाईल कारण आपल्या घरात पेटी असते.

पेटीत डाव्या हाताने आपण बाहेरचा भाता मारतो, हवा आधी आतल्या भात्यात जाते, तो स्प्रिंगच्या दाबाखाली असतो आणि तिथून ती रीडपर्यंत सरळ, संथ पोहोचते. म्हणजे आपण भाता कसाही मारला तरी सूर बऱ्यापैकी टिकून राहतो. अकॉर्डियनमध्ये ही मधली टाकी नाहीच. भाता थेट रीडवर. जितका जोर लावाल तितका आवाज, हात थांबला की सूर थांबला, हात थरथरला की सूर थरथरला. शिवाय तो भाता उघडतानाही वाजतो आणि मिटतानाही वाजतो, कारण पियानो-अकॉर्डियनमध्ये प्रत्येक सुराला दोन-दोन रीड असतात, एक हवा आत येताना वाजणारा, एक बाहेर जाताना वाजणारा, आणि नको त्या दिशेची हवा अडवायला चामड्याची बारीक जीभ.

आता हाच भाता जर उघड-मीट, उघड-मीट असा प्रचंड वेगात हलवला, म्हणजे जेमतेम बोटभर उघडायचा की लगेच मिटायचा, तर एकच धरलेला सूर तुकड्या-तुकड्यांनी, सतारीवरच्या झाल्यासारखा वाजायला लागतो. तिकडे याला बेलोज शेक म्हणतात. ऐकायला भन्नाट, बघायला त्याहून भन्नाट, आणि करायला मरणाचं अवघड, कारण पूर्ण आकाराचं अकॉर्डियन दहा-बारा किलोचं असतं आणि हलवणारा तो डावा हात पट्ट्यात अडकवलेला असतो. त्याच हाताने बेसची बटणंही दाबायची असतात. १२० बटणं. वीस रांगा, प्रत्येक रांगेत सहा, त्यात दोन एकेकट्या खर्जाची आणि चार तयार कॉर्डची, म्हणजे एका बटणात एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ, मेजर, मायनर, सेव्हन्थ, डिमिनिश्ड. शेजारच्या रांगेत गेलं की थेट पंचमावर. आणि यातलं काहीही वाजवणाऱ्याला दिसत नाही, सगळं चाचपडून, म्हणून सी च्या बटणाला खळगा नाहीतर खडा असतो, बोटाला तेवढीच खूण.

उजवीकडे ४१ पट्ट्या, त्या तर कुणीही पियानोवाला वाजवेल. अकॉर्डियनवाल्याची खरी परीक्षा डावीकडे असते, आणि कॉन्टिनोचा डावा हात राक्षसी होता. गाण्याच्या शेवटाकडे तो शेक चालू करायचा, उजव्या हाताने चाल तशीच चालू, चेहऱ्यावर हसू, केस कपाळावर, अंग सगळं हलतंय, आणि प्रेक्षक खुर्चीतून उठलेले. माझं मत विचाराल तर संगीत म्हणून त्यात फार काही नव्हतं. तमाशा होता, पण पहिल्या दर्जाचा तमाशा, आणि हे मी नाव ठेवायला म्हणत नाहीये, असा तमाशा करायला आधी तेवढी तयारी लागते. फक्त एक होतं, सगळा डोलारा एका करामतीवर आणि एका चेहऱ्यावर उभा होता.

एका वर्षात वर

१९४७ ला हायस्कूल संपवून तो फ्रेस्नो स्टेट कॉलेजात गेला, पण लक्ष लागेना. तेवढ्यात होरेस हाइट नावाच्या बँडलीडरने रेडिओवर टॅलेंट शो काढला, फिलिप मॉरिस सिगारेट कंपनीच्या पैशावर, शहरोशहरी जाऊन नवे कलाकार शोधायचे आणि कार्यक्रम देशभर ऐकवायचा. आताचे रिअॅलिटी शो ज्यांना आवडत नाहीत त्यांना सांगतो, फॉर्म्युला तोच होता, फक्त एसएमएसच्या जागी टाळ्या होत्या. ७ डिसेंबर १९४७ ला फ्रेस्नोत कार्यक्रम झाला, घरचंच मैदान, कॉन्टिनोने "लेडी ऑफ स्पेन" वाजवलं आणि जिंकला. पुढे लॉस एंजेलिस, ओमाहा, डे मॉइन, यंग्स्टाऊन, न्यूयॉर्क, प्रत्येक ठिकाणी पहिला. शेवटची फेरी वॉशिंग्टनला १२ डिसेंबर १९४८ ला, तीही जिंकली. वर्ष आणि पाच दिवसांत खाटकाचा मुलगा राष्ट्रीय स्टार!

मग हाइटच्या ऑर्केस्ट्राबरोबर दौरे, फॅन क्लब, आणि टीव्ही. टीव्ही तेव्हा नुकताच घराघरात यायला लागला होता आणि एड सलिव्हन याचा कार्यक्रम म्हणजे अमेरिकेचा रविवार संध्याकाळचा दरबार. कॉन्टिनो त्या कार्यक्रमात सगळी वर्षं मिळून ४८ वेळा आला असं सांगतात. लक्षात घ्या, रेडिओवर बेलोज शेक नुसता ऐकू येतो. टीव्हीवर तो दिसतो.

१९५१

जून १९५० मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं. अमेरिकेत सक्तीची लष्करभरती होती, वयात आलेल्या पोरांना बोलावणं यायचं, स्टार असो की नसो. कॉन्टिनोलाही आलं. मॉन्टेरेजवळच्या फोर्ट ऑर्डला त्याला हजर व्हायचं होतं, तिथल्या भरतीपूर्व बराकीत तो पोहोचलाही, आणि तिथून पळाला.

का पळाला? त्याच्या बाजूने कारण सांगितलं गेलं ते भीतीचं. टोकाचे फोबिया, भीतीचे झटके. आज एखाद्या विशीतल्या कलाकाराने पॅनिक अॅटॅक म्हटलं तर निदान अर्धे लोक तरी ऐकून घेतील. १९५१ मध्ये कोण ऐकणार? त्यात आठवड्याला ४,००० डॉलर कमावणारा, पोरींचा लाडका, पोस्टरवर हसणारा पोरगा म्हणतोय मला भीती वाटते, आणि तिकडे त्याच्याच वयाची पोरं कोरियाच्या थंडीत मरतायत. ज्या घरातल्या पोरीने त्याचा फोटो भिंतीला लावला होता त्याच घरातला भाऊ आघाडीवर असू शकतो, हे गणित वर्तमानपत्रांना बरोब्बर कळलं आणि त्यांनी ते मनसोक्त वापरलं.

काही दिवसांत तो स्वतःहून हजर झाला. खटला झाला, सहा महिने तुरुंग आणि १०,००० डॉलर दंड. वॉशिंग्टन राज्यातल्या मॅकनील बेटावरच्या फेडरल तुरुंगात त्यातले साधारण साडेचार महिने काढले. आणि सुटल्यावर काय, तर सैन्यातच. कोरियाला गेला, स्टाफ सार्जंटपर्यंत चढला, सन्मानाने सेवामुक्त झाला. म्हणजे ज्या गोष्टीला घाबरून पळाला ती गोष्ट शेवटी केलीच, वर तुरुंगही भोगला. कायद्याच्या हिशेबात खातं पूर्ण मिटलं.

लोकांच्या हिशेबात नाही मिटलं. आणि हे मला या प्रकरणातलं सगळ्यात बोचणारं वाटतं. तुलना करून बघा, १९५८ मध्ये एल्विसला बोलावणं आलं, तो मुकाट गेला, दोन वर्षं काढली आणि १९६० ला परत आला तेव्हा आधी त्याला शिव्या घालणारे आईबापसुद्धा म्हणायला लागले की पोरगा चांगला आहे हो. मुहम्मद अलीने १९६७ मध्ये सरळ नाही म्हणून सांगितलं, बॉक्सिंगची उमेदीची वर्षं गेली, पण त्याच्याकडे तत्त्व होतं, धर्म होता, आणि १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली तेव्हा तो आधीपेक्षा मोठा झालेला होता. गेला तो चांगला. तत्त्वासाठी नाही गेला तोही उशिरा का होईना मोठा. कॉन्टिनो या दोन्हीत बसत नव्हता, तो घाबरला होता, बस. घाबरलेल्या माणसासाठी लोकांकडे जागा नसते, आणि तो नंतर गेला हे तर कुणी लक्षातच ठेवलं नाही. कपाळावर शिक्का बसला तो बसला.

परत आला तेव्हा

आता मुद्द्यावर येतो. तो परतला ५० च्या दशकाच्या मध्याकडे, आणि इथून पुढची वर्षं नीट बघितली तर "बदनामीने संपला" ही गोष्ट लंगडी पडायला लागते.

कामं मिळत होती. १९५६ मध्ये त्याने ली स्नोडेन या नटीशी लग्न केलं. मर्क्युरी कंपनीने त्याच्या एलपी काढल्या. क्लबात, टीव्हीवर दिसत होता. १९५८ ला "डॅडी-ओ" नावाचा एक स्वस्तातला सिनेमा आला, गाड्या, पोरी, मारामारी, त्यात हा हिरो, आणि गंमत म्हणजे त्यात तो गातो! अकॉर्डियन सोडून गाणं! आजच्या तारखेला तो सिनेमा लोकांना आठवतो तो दोन कारणांनी, एक म्हणजे पुढे नव्वदच्या दशकात टीव्हीवर त्याची यथेच्छ टिंगल झाली, आणि दुसरं म्हणजे त्याचं संगीत जॉन विल्यम्स यांचं होतं, त्यांचं सिनेमातलं अगदी पहिलं काम. होय, तेच, स्टार वॉर्सवाले.

मला त्या सिनेमात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. अकॉर्डियनच्या जोरावर हिरो झालेल्या माणसाला पडद्यावर हिरो दाखवायचं तर अकॉर्डियन बाजूला ठेवावं लागलं. १९४९ मध्ये हे वाद्य गळ्यात असणं म्हणजे रुबाब होता, १९५८ मध्ये ते अडचण होतं. ते काही कॉन्टिनो बराकीतून पळाला म्हणून झालेलं नाही.

झालं काय तर, ९ सप्टेंबर १९५६ ला त्याच सलिव्हनच्या कार्यक्रमात एल्विस आला. गिटार गळ्यात. गिटार हलकी, अकॉर्डियनच्या मानाने स्वस्त, तीन कॉर्ड शिकलं की गाणं म्हणता येतं, अंग हलवायला मोकळीक, पुढे विजेवर जोडली की आवाजही वाट्टेल तेवढा. अकॉर्डियनला दहा किलोचं ओझं आणि वर्षानुवर्षांच्या शिकवण्या. पन्नासच्या दशकात अमेरिकेत गल्लोगल्ली अकॉर्डियनचे क्लास होते, आईबाप पोरांना जबरदस्तीने घालायचे, आणि जे आईबाप जबरदस्तीने शिकवतात ते पोरांना मनापासून आवडणं अवघडच असतं. वर लॉरेन्स वेल्कचा शो १९५५ पासून देशभर दिसायला लागला, वेल्क स्वतः अकॉर्डियनवाला, आणि तो शो आजी-आजोबांचा लाडका. तरुण पोरांच्या डोक्यात अकॉर्डियन म्हणजे आजोबा हे समीकरण पक्कं झालं. मग ९ फेब्रुवारी १९६४ ला, परत सलिव्हनच्याच स्टेजवर, बीटल्स. त्यानंतर अकॉर्डियन शिकणाऱ्या पोरांनी हट्टाने गिटार मागितली, आणि क्लासवाल्यांनीही निमूट गिटार शिकवायला सुरुवात केली.

म्हणजे कॉन्टिनोच्या बाबतीत बदनामी ५१ ची आणि वाद्याची घसरण ५६ नंतरची, या दोन गोष्टी एकमेकींवर अशा काही बसल्या की लांबून बघणाऱ्याला एकच दिसतात.

बाकीचे कुठे गेले

खरी तपासणी करायची तर जे पळाले नव्हते त्यांचं काय झालं ते बघायला हवं ना.

मायरन फ्लोरेन घ्या. तांत्रिकदृष्ट्या कॉन्टिनोच्या तोडीचा, वेल्कच्या बँडमध्ये १९५० मध्ये आला आणि शो १९८२ ला बंद होईपर्यंत तिथेच. डाग एकही नाही, हसतमुख, वाजवायचा पोल्का, म्हणजे जुन्या वळणाच्या नाचाच्या धुना. टिकला, कमावलं, पण स्टार म्हणून तो कायम वेल्कच्या छत्रीखालीच राहिला, तरुणांमध्ये त्याचीही किंमत आजोबांचा वादक एवढीच. आर्ट व्हॅन डॅम हा तिसराच प्रकार, जॅझवाला, शिकागोत एनबीसी या रेडिओ-टीव्ही कंपनीच्या स्टाफवर १९४५ पासून १९६० पर्यंत. जॅझ ऐकणारे आजही त्याचं नाव आदराने घेतात, पण थिएटरबाहेर रांगा लागाव्यात असं त्याचं कधीच नव्हतं. थोडक्यात, ज्यांचं चारित्र्य धुतल्या तांदळासारखं होतं त्यांनाही १९४९ च्या कॉन्टिनोची जागा मिळाली नाही. ती जागाच उरली नव्हती.

वाद्य मेलं असंही नाही. लुइझियानात क्लिफ्टन शेनियर झायडेको हे तिथलं नाचाचं संगीत वाजवत होता, टेक्सासात फ्लाको हिमेनेझ बटणांच्या अकॉर्डियनवर कोन्हुंतो हे तिकडचं, आणि दोघांनाही पुढे ग्रॅमी मिळाली. त्यांच्याकडे लोक नाचायला यायचे, आपल्या गावाचं, आपल्या भाषेचं संगीत म्हणून यायचे. त्यांना एल्विस आला काय आणि बीटल्स आले काय, शनिवारी रात्री नाच होणारच. कॉन्टिनोकडे असा हक्काचा समाज नव्हता. इटालियन मंडळी प्रेम करायची, पण त्याचा धंदा सगळ्या अमेरिकेवर होता आणि सगळी अमेरिका दर पाच वर्षांनी नवा चेहरा मागते.

आणि चौथी वाट युरोपात होती. डेन्मार्कचा मोगेन्स एलेगार्ड, कॉन्टिनोपेक्षा पाच वर्षांनी लहान. त्याने संगीतकारांच्या मागे लागून अकॉर्डियनसाठी गंभीर रचना लिहून घेतल्या. ओले श्मिट यांनी त्याच्यासाठी अकॉर्डियन आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना केली ती १९५८ ची, म्हणजे इकडे कॉन्टिनो त्या स्वस्त सिनेमात गाड्या पळवत होता त्याच वर्षीची. पुढे एलेगार्डमुळे कोपनहेगनच्या संगीत अकादमीत हे वाद्य रीतसर शिकवलं जाऊ लागलं. आता कॉन्टिनोने ते करायला हवं होतं असं मी अजिबात म्हणत नाही, तो पिंडच वेगळा, तो प्रेक्षकांकडे बघून वाजवणारा माणूस. पण "लेडी ऑफ स्पेन"च्या पुढे काय, हा प्रश्न त्याला तुरुंग नसता झाला तरी पडणारच होता, आणि त्याचं उत्तर त्याच्याकडे होतं असं काही मला त्याची नंतरची रेकॉर्डिंग ऐकून वाटत नाही. तयारी तीच, हात तोच, निवड तीच.

आपल्याकडचं एक वाक्य टाकल्याशिवाय राहवत नाही. आपल्या हिंदी सिनेमातही अकॉर्डियनचा एक काळ होता, गुडी सिरवाई, पुण्याचे इनॉक डॅनियल्स, केरसी लॉर्ड ही मंडळी. "रूप तेरा मस्ताना" मधलं ते अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. इथे गिटारने नाही मारलं, इथे सिंथेसायझर आला. आणि तो सिनेसंगीतात आणणाऱ्या पहिल्या लोकांत स्वतः केरसी लॉर्डच! म्हणजे ज्याच्या हातातलं वाद्य जुनं होणार होतं त्यानेच नवीन आणून ठेवलं. आपल्या वादकांना एक सोय होती, त्यांचा चेहरा पोस्टरवर नव्हता, त्यामुळे वाद्य बदललं तरी माणूस स्टुडिओत टिकू शकायचा. कॉन्टिनोला ती सोय नव्हती, तो आणि ते अकॉर्डियन म्हणजे एकच फोटो.

मग त्या रात्रीनं नेमकं काय नेलं

काहीच नेलं नाही असं मी म्हणत नाहीये, उगाच टोकाला जाण्यात अर्थ नाही. १९५१ ते ५४ ही तीन-साडेतीन वर्षं म्हणजे अकॉर्डियन अमेरिकेत अजून चढतीवर असतानाची वर्षं. टीव्ही नुकताच पसरत होता, त्याच्यासारखा बघायला मजा येणारा वादक त्या काळात स्वतःचा कार्यक्रम मिळवू शकला असता, आणि वेल्कने जे ५५ मध्ये साधलं ते कॉन्टिनोने तरुण चेहऱ्याने आधीच साधलं असतं, अशी शक्यता होती. ती खिडकी चार-पाच वर्षांची होती, आणि त्यातली बरीचशी वर्षं तुरुंगात आणि गणवेशात गेली. हे नुकसान खरं आहे. पैशाचंही आहे. आणि मुलाखत घेणारा प्रत्येक माणूस शेवटपर्यंत तोच प्रश्न विचारणार, हेही नुकसानच.

पण त्या खिडकीच्या पलीकडे भिंत होती. ती त्याच्या पळण्याने उभी राहिलेली नव्हती.

पुढची साठ वर्षं तो वाजवत राहिला, आणि सगळ्या प्रकरणात मला भावतं ते हेच, कारण इथे कुणी गोष्ट सांगत नाही. लास वेगासचे लाऊंज, इटालियन जत्रा, राज्याराज्यांतले मेळे, अकॉर्डियनवाल्यांची संमेलनं. १९८२ मध्ये त्याची बायको ली वारली. नव्वदच्या दशकात जेम्स एलरॉय या गुन्हेकथा लिहिणाऱ्या लेखकाने त्याला शोधून काढलं, भेटला, आणि त्याच्यावर एक लघुकादंबरीच लिहिली, त्यात कॉन्टिनो नायक. त्यामुळे परत जरा नाव झालं, परत तीच चर्चा, पळाला का, भित्रा होता का. तो मात्र कुठल्यातरी जत्रेत उभा राहून दहा-बारा किलोचं धूड गळ्यात अडकवून, साठी-सत्तरी ओलांडलेला, "लेडी ऑफ स्पेन"चा शेवट त्याच शेकने करत होता. ज्यांनी कधी हात दुखेपर्यंत पेटीचा भाता मारलाय त्यांनी जरा विचार करावा, त्या वयात. १९ एप्रिल २०१७ ला फ्रेस्नोतच गेला, ८७ व्या वर्षी.

राहता राहिला तो प्रश्न, पळाला नसता तर? माझा अंदाज सांगतो. दोन वर्षं सैन्यात काढून ५३ ला परतला असता, वर्तमानपत्रांनी गणवेशातला हसरा फोटो छापला असता, टीव्हीवर दोन-चार वर्षं धमाल केली असती, एक बरा सिनेमा मिळाला असता ज्यात त्याला अकॉर्डियन वाजवू दिलं असतं. आणि १९६४ नंतर तोही त्याच लास वेगासच्या लाऊंजमध्ये, त्याच इटालियन जत्रांमध्ये, तीच ट्यून वाजवत असता, फक्त पोस्टरवर नाव जरा मोठ्या अक्षरात आणि मानधन जरा बरं.